ट्रकचा अ‍ॅक्सल बदलताय? आधी चाकाचे स्टड मोजा

खानदेशात ट्रकचा जुना अ‍ॅक्सल शोधत फिरणारे साधारण तीन प्रकारचे. एक, ज्याचं हौसिंग कोंडाईबारीत नाहीतर कन्नडच्या घाटात तडकलं आणि नव्याची किंमत ऐकून पोटात गोळा आला. दुसरा, ज्याला गिट्टी-मुरमाच्या फेऱ्यांसाठी मागे दणकट अ‍ॅक्सल आणि मोठे ब्रेक हवेत. तिसरा शेतकरी. त्याला ट्रॅक्टरमागे ओढायची ट्रॉली किंवा पाण्याचा टँकर बांधायचा असतो आणि त्यासाठी भंगारातला ट्रकचाच अ‍ॅक्सल स्वस्त पडतो. तिघांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. अ‍ॅक्सल येतो, पाट्यांवर बसतो, यू-बोल्ट कसले जातात, ब्रेकच्या नळ्या जोडून होतात, आणि शेवटी चाक चढवायला घेतलं की ते बसत नाही.

नाही बसलं तर नुकसान पैशाचं आणि दोन दिवसांचं. खरी भीती आहे ती न जुळणारं चाक बसण्याची. असं चाक गाडी उभी असताना चांगलं दिसतं, रिकाम्या गाडीत चालतंही. मग रावेरहून केळी भरून गाडी निघते, दोन-तीनदा जोरात ब्रेक लागतात, आणि स्टड, म्हणजे ज्यांवर नट कसून चाक धरतात ते बोल्ट, एकेक करून तुटायला लागतात.

म्हणून बाजारात कुणी "दहा बोल्टनं शे, बसी जाई भो" म्हणाला की मान डोलवू नका. दहा भोकं म्हणजे फक्त पहिली अट पूर्ण झाली. चाक जुळायला पाच गोष्टी लागतात: स्टडची संख्या, स्टड ज्या वर्तुळावर बसलेत त्याचा व्यास (याला सगळे पीसीडीच म्हणतात), डिस्कच्या (म्हणजे चाकाच्या भोकं असलेल्या लोखंडी तबकडीच्या) मधल्या भोकाचा व्यास, आट्यांचं माप आणि नटाची बैठक, म्हणजे नट डिस्कवर जिथे टेकतो ती जागा. पहिल्या चार मोजता येतात. पाचवी डोळ्यांनी पाहावी लागते, आणि बहुतेक लोक तिथेच फसतात.

पायरी १ : बाजारात जाण्याआधी आपली गाडी मोजा

लागणारं सामान फार नाही. वर्नियर, आटे मोजायचं गेज, स्टीलची पट्टी, तारेचा ब्रश आणि खडू. वर्नियर जरा मोठा घ्या, १५० मिलीमीटरचा तरी. मापं घरी घेऊन कागदावर लिहा, बाजारात तीच मापं समोरच्या मालावर पुन्हा घ्या. भर उन्हात भंगाराच्या ढिगाऱ्यावर उभं राहून आकडे लक्षात राहत नाहीत.

पीसीडी मोजायचा सोपा उपाय म्हणजे समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घेणं. पण मागच्या चाकाला मध्ये हबचं (चाक ज्यावर चढतं त्या फिरत्या भागाचं) तोंड आणि अ‍ॅक्सल शाफ्टचा फ्लँज पुढे आलेला असतो, पट्टी सपाट टेकत नाही. अशा वेळी शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मोजा. मध्य शोधत बसू नका. एका स्टडच्या डाव्या कडेपासून पुढच्या स्टडच्या डाव्या कडेपर्यंत घ्या, तेच अंतर येतं. मग त्याला गुणा: सहा स्टड असतील तर २ ने, आठ असतील तर २.६१३ ने, दहा असतील तर ३.२३६ ने.

आपल्याकडे रस्त्यावर भेटणारी मापं मोजकीच आहेत. भारी ट्रकला बहुतेक दहा स्टड, पीसीडी ३३५ आणि मधलं भोक २८१ मिलीमीटर. इथे शेजारचं अंतर साडेएकशेतीन येतं. दहा स्टडचंच दुसरं माप आहे, पीसीडी २८५.७५ आणि भोक २२० चं. त्यात शेजारचं अंतर ८८ च्या जवळ येतं, त्यामुळे हे दोन लांबूनही ओळखू येतात. सहा स्टडमध्ये २२२.२५ आणि २०५ अशी दोन. आणि आठ स्टडमध्ये २८५ आणि २७५.

या आठच्या जोडीपासून सांभाळा. दोन्हींचं मधलं भोक २२१ मिलीमीटरचंच आहे. शेजारच्या स्टडमधलं अंतर एकात १०९, दुसऱ्यात १०५ च्या आसपास. म्हणजे फरक जेमतेम चार मिलीमीटरचा. टेपने मोजाल तर चुकणारच. त्यात जपानी पद्धतीच्या २८५ च्या डिस्कची स्टडची भोकं साडेबत्तीस मिलीमीटरची, ऐसपैस असतात. ती डिस्क २७५ च्या हबवर, २० मिलीमीटरच्या स्टडवर, सरळ सरकते. हाताला कुठेही अडत नाही. पण प्रत्येक स्टड भोकाच्या मध्याऐवजी आतल्या कडेकडे पाच मिलीमीटर सरकलेला असतो. नट कसला की तो बैठकीवर एका बाजूने टेकतो आणि स्टडला वाकवत राहतो. वरून पाहणाऱ्याला आठही नट घट्ट दिसतात.

पायरी २ : आटे ओळखा

स्टडची जाडी वर्नियरने घ्या, पण टोकाशी नको. टोक पान्याने आणि डिस्कच्या घासाने झिजलेलं असतं. हबजवळचे, नट कधी न पोचलेले आटे ब्रशने साफ करून तिथे मोजा. मिलीमीटरच्या मापात १८, २० आणि २२ हे नेहमीचे. वर्नियरवर ते थोडे कमी दिसतात, २२ चा स्टड २१.८ च्या आसपास येतो. त्यात घोळ नाही.

घोळ जुन्या मालात असतो, आणि त्याचं कारण गाड्यांच्या घराण्यात आहे. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, त्यामुळे ती मापं मिलीमीटरची. अशोक लेलँडला १९५५ मध्ये हे नाव मिळालं ते इंग्लंडच्या लेलँडशी हातमिळवणी झाल्यावर, म्हणून त्या वंशाच्या जुन्या मालात इंची आटे भेटतात. आयशरचे ट्रक १९८० च्या दशकात मित्सुबिशीच्या मदतीने पिथमपूरला सुरू झाले, तिथे जपानी वळण. पिथमपूर आपल्याला जवळ, शिरपूर ओलांडून बिजासन घाट चढलं की इंदूरचा रस्ता. त्यामुळे इंदूरच्या देवास नाक्यावर तिन्ही घराण्यांचा माल एकाच ढिगात दिसतो आणि विकणाऱ्यालाही प्रत्येक हब कुठल्या गाडीचा ते सांगता येईलच असं नाही.

आता मुद्द्याचं. जुना ब्रिटिश सात-अष्टमांश इंची स्टड २२.२ मिलीमीटरचा असतो. नवा मेट्रिक २२ चा. झिजलेल्या स्टडवर वर्नियर दोघांना एकच दाखवतो. फरक आट्यांच्या अंतरात आहे: मेट्रिकमध्ये ते दीड मिलीमीटर, ब्रिटिशमध्ये इंचाला ११ आटे, म्हणजे सुमारे २.३ मिलीमीटर. गेज नसेल तर पट्टी लावून दहा आटे मोजा. १५ मिलीमीटर भरले तर मेट्रिक, २३ भरले तर ब्रिटिश. इंचाला १४ आटे असलेलाही एक सात-अष्टमांश प्रकार आहे. त्याचे दहा आटे १८ मिलीमीटर भरतात.

चुकीचा नट हाताने एक-दीड फेरा चढतो आणि अडतो. नवखा माणूस समजतो गंज आहे. मग हवेची गन लावली जाते, नट ओरडत ओरडत आत जातो आणि स्टडचे आटे चकाकत्या तारेसारखे सोलून बाहेर येतात. ती तार दिसली की तो स्टड आणि तो नट दोन्ही गेले. नियम साधा ठेवा: साफ केलेल्या स्टडवर नट बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे. पान्याची गरज पडली की थांबायचं आणि मोजायचं.

उलटे आटे विसरू नका. अनेक जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो. स्टडच्या टोकावर बहुधा इंग्रजी एल कोरलेला असतो, ब्रशने घासल्यावर दिसतो. दोन वेगळ्या गाड्यांचे हब जोडून अ‍ॅक्सल "तयार" केलेला असेल तर दोन्ही बाजूंना उलटे किंवा दोन्ही बाजूंना सुलटे आटेही सापडू शकतात. गाडीत चालवायला हरकत नाही, पण ड्रायव्हरला आणि पंक्चरवाल्याला माहीत हवं. नाहीतर रात्री सोनगीरजवळ कुणीतरी पाइप लावून चाक खोलायच्या नादात नट कसतच बसेल आणि स्टड तोडेल. मी तर डिस्कवर रंगाने बाण काढून ठेवतो.

पायरी ३ : चाकाला मध्यावर कोण धरतं ते पाहा

ट्रकच्या चाकांच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीत डिस्कचं मधलं भोक हबच्या गोल खांद्यावर घट्ट बसतं. चाक मध्यावर ठेवायचं काम हबचं, नटाने फक्त दाबून धरायचं. हे नट तळाला सपाट असतात आणि त्यांना फिरती वॉशर जोडलेली असते. दुसऱ्या जातीत हबचा खांदा नुसता नावाला. तिथे नटाचं तोंड निमुळतं किंवा गोलसर असतं, डिस्कच्या भोकालाही तसाच उतार दिलेला असतो, आणि नटच चाक मध्यावर ओढून आणतो.

३३५ पीसीडीमध्ये दोन्ही जाती आहेत. स्टड दहा, वर्तुळ तेच, स्टडही २२ चा. म्हणून चार मापं जुळली तरी काम झालं असं नाही. सपाट नटाच्या डिस्कची भोकं २६ मिलीमीटरच्या आसपास, कडा सरळ कापलेल्या. निमुळत्या नटाच्या डिस्कची भोकं मोठी आणि तोंडाशी उतरती. बोट फिरवलं तरी कळतं.

अदलाबदल केली तर काय होतं? उतरत्या भोकावर सपाट नट लावला तर वॉशर कडेवरच टेकते. दाब थोड्याशा जागेवर येतो, लोखंड दबतं, नट आपोआप सैल पडतो. उलट, सरळ भोकात निमुळता नट घातला तर तो टोकाने भोकाच्या काठावर बसतो आणि काठ चिरायला लागतो. भोकाभोवती ताऱ्यासारख्या बारीक भेगा असलेली डिस्क बाजारात दिसली तर समजा तिच्यावर हे कुणीतरी करून झालंय. ती डिस्क फुकट दिली तरी घेऊ नका.

मागच्या जोडचाकात आणखी एक भानगड. जपानी आणि जुन्या अमेरिकन पद्धतीत आतलं चाक एका लांब नटाने धरलेलं असतं, त्याला बाहेरूनही आटे असतात आणि बाहेरचं चाक त्याच्यावर दुसऱ्या नटाने कसतात. आतला नट सैल असेल तर बाहेरचा कितीही कसा, आतलं चाक हलतच राहतं. अशा चाकात आधी बाहेरचा नट सैल करायचा, आतला कसायचा, मग बाहेरचा कसायचा. हबवर बसणाऱ्या पद्धतीत हा त्रास नाही, पण तिथे हबचा खांदा दोन्ही डिस्कना पुरेल इतका लांब आहे का ते पाहावं लागतं. समोरच्या अ‍ॅक्सलचा हब मागे लावायची कल्पना इथेच बाद होते.

यावरून माझं मत सांगतो. जुना अ‍ॅक्सल घ्यायचा तर हबपासून हबपर्यंत अख्खा घ्या, ड्रम आणि त्याच गाडीच्या नटांसकट, आणि शक्य असेल तर एक डिस्कही सोबत. विकणारा नटांचे वेगळे पैसे मागेल, कुरकुर करेल. द्या. नट बदलले की ओळख पटवायचा सगळ्यात सोपा पुरावा जातो.

पायरी ४ : स्टडची लांबी आणि ड्रम

ब्रेक बदलताना ही पायरी हमखास राहून जाते. काही हबमध्ये ड्रम बाहेरून चढतो, म्हणजे हबचं तोंड, त्यावर ड्रम, त्यावर डिस्क, मग नट. काहींत ड्रम हबच्या मागच्या बाजूला असतो. बाहेरून चढणाऱ्या ड्रमची जाडी स्टडच्या लांबीतून वजा होते. जाड ड्रम आणि जोडचाकाच्या दोन डिस्क चढवल्या की स्टड आखूड पडू शकतो.

मापायची पद्धत अशी: ड्रमच्या तोंडाची जाडी, दोन्ही डिस्कची जाडी आणि नटाची उंची यांची बेरीज करा. नट पूर्ण बसून स्टडचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. नटाच्या आत आटे लपले असतील तर तो स्टड चालणार नाही. फार लांब स्टडही बरा नाही, बंद तोंडाचा नट असेल तर स्टडचं टोक आतून टेकतं आणि नट कसल्यासारखा वाटतो पण डिस्क दबतच नाही.

ड्रम डिस्कच्या आत मावतो का, हे चाक जमिनीवर आडवं ठेवून पाहा. मोठ्या ब्रेकच्या हौसेपायी ४१० मिलीमीटरचा ड्रम आणला आणि तो आपल्या रिमच्या पोटात घासला, असं होतं. टायरचा व्हॉल्व्हही तिथेच अडतो.

पायरी ५ : बाकीची जुळणी, थोडक्यात

ब्रेक चेंबरचा (हवेने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याचा) आकार आणि स्लॅक अ‍ॅडजस्टरची (त्या डब्याने ढकललेल्या, ब्रेक फिरवणाऱ्या दांड्याची) लांबी ही जोडी त्या अ‍ॅक्सलची ठरलेली असते. एका बाजूला ३० नंबरचा आणि दुसऱ्या बाजूला २४ चा चेंबर लागला तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढेल. एबीएस असलेल्या गाडीत हबवरच्या दातेरी रिंगचे दात मोजा, जुन्या-नव्यात सारखे हवेत. नाहीतर दिवा पेटलेलाच राहील. क्राउन-पिनियनचे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या आतल्या मुख्य गिअरच्या जोडीचे, दातही विचारून घ्या. ७/४१ काढून ६/४१ घातलं तर गाडी घाटात ताकदीची वाटेल आणि सपाट रस्त्यावर इंजिन किंचाळेल.

स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरला, म्हणजे हवा गेल्यावर आपोआप ब्रेक लावतो त्या डब्याला, केजिंग बोल्टने स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय हात लावू नका. आत दाबलेली स्प्रिंग माणूस मारण्याइतकी जोरात सुटते. जुन्या लायनरची धूळ हवेच्या नळीने उडवू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आणि कागदपत्रं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे. तुटलेल्या अ‍ॅक्सलच्या जागी त्याच मॉडेलचा अ‍ॅक्सल घालणं ही दुरुस्ती. दुसऱ्या क्षमतेचा घालणं हा बदल. असा बदल करायचा असेल तर आधी आपल्या आरटीओत विचारा, एमएच १८ असो, १९ असो की ३९. दणकट अ‍ॅक्सल घातला म्हणून आरसीवर लिहिलेलं वजन वाढत नाही.

पायरी ६ : जुळलं नाही तर

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आपल्या डिस्कशी जुळणारे हब आणि ड्रम त्या अ‍ॅक्सलवर बसतात का पाहणं. बेअरिंगचे नंबर आणि स्पिंडलचं माप जुळलं तर हब बदलता येतो. दुसरा उपाय, अ‍ॅक्सलला जुळणाऱ्या डिस्कचा सेट घेणं. खर्च जास्त, पण मग स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागेल हे धरून चला. एकाच गाडीत पुढे एक आणि मागे दुसरं माप असेल तर दोन स्टेपन्या लागतात.

फक्त आट्यांचा फरक असेल तर स्टड बदलून भागतं. त्यासाठी स्टडच्या मुळाशी असलेल्या दातेरी भागाचा व्यास हबच्या भोकाशी जुळावा लागतो. नवीन स्टडवर १०.९ चा, म्हणजे मजबुतीच्या दर्जाचा, शिक्का पाहा. जुना स्टड प्रेसवर काढा, नवीन प्रेसनेच बसवा. घनाने ठोकून बसवलेला स्टड तिरका राहतो आणि तो तिरकेपणा चाक चढवेपर्यंत दिसत नाही. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूचे स्टडही बदला, कारण तुटलेल्याचा भार त्यांनी सोसलेला असतो. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या हबचे सगळे.

अजिंठा चौफुलीपासून अवधानपर्यंत कुठल्याही लेथवाल्याकडे गेलात तर तो आणखी तीन उपाय सांगेल: डिस्कची भोकं मोठी करून देतो, हबला नवीन भोकं पाडतो, स्टडवर बुश घालून देतो. कारागीर हुशार असतात, काम सफाईदार करून देतील. तरी नको. भोक मोठं केलं की नटाची बैठक जाते, आणि हबला जुन्या भोकांच्या मध्ये नवीन भोकं पाडली की उरलेलं लोखंड पातळ होतं. तासाला वीस किलोमीटरने शेतातून जाणाऱ्या ट्रॉलीलाही मी हे करू देत नाही, कारण तीच ट्रॉली कापसाच्या हंगामात हायवेवर भरून निघते.

पायरी ७ : चढवणं आणि कसणं

हबचं तोंड, ड्रम आणि डिस्कच्या दोन्ही बाजू तारेच्या ब्रशने लख्ख करा. जोडल्या जाणाऱ्या जागी रंगाचे थर किंवा ग्रीस राहू देऊ नका. नवीन रंगवलेली डिस्क दिसायला छान, पण रंग दबून खाली बसला की नट तेवढा सैल होतो. सपाट नटाच्या आट्यांवर आणि वॉशरमध्ये तेलाचा एकेक थेंब चालतो. निमुळत्या बैठकीवर तेल-ग्रीस लावू नका.

सगळे नट आधी हाताने चढवा. मग समोरासमोर, ताऱ्याच्या चालीने, तीन टप्प्यांत कसा. हबवर बसणाऱ्या २२ च्या स्टडला, सपाट नटासह, साधारण ५५० ते ६५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तो आकडा अंतिम. ६०० म्हणजे एक मीटर लांब पाइपच्या टोकावर ६१ किलो. हट्ट्याकट्ट्या क्लीनरने दीड मीटर पाइपवर उभं राहून उड्या मारल्या तर स्टड ताणला जातो, आणि ताणलेला स्टड नंतर कितीही कसला तरी पकड देत नाही. हवेची गन चढवायला वापरा, शेवटचा टप्पा टॉर्क पान्यानेच.

चाक उचललेलं असतानाच हाताने फिरवून रिमच्या कडेजवळ खडू धरा. खडू सगळीकडे सारखा लागला पाहिजे. एकाच बाजूला लागत असेल तर चाक मध्यावर नाही, खोला आणि बैठक पुन्हा पाहा.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा कसायचे असतात. जळगावहून धुळ्याकडे निघालात तर पारोळ्याच्या आसपास थांबा. एप्रिल-मे मध्ये ड्रम हात लावू देत नाही इतका तापलेला असतो, तेव्हा चहा होईपर्यंत गार होऊ द्या आणि मगच टॉर्क पाना लावा. दुसऱ्या फेरीला नटांच्या कडेने डिस्कवर गंजाचे तांबूस ओघळ उतरलेले दिसले तर तो नट हलतोय. तिथे नुसतं कसून पुढे जाऊ नका. चाक उतरवा, बैठक आणि आटे बघा.